आठ किलोंचा नियम

१८ मे. मृत पाच: चार आरोहक, एक भारवाहक.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाविषयी सरकारी अहवालात याहून अधिक फारसे काही नाही. चार आरोहकांपैकी तिघांचे देह त्याच हंगामात खाली आणले गेले. चौथ्याच्या कुटुंबाने, त्याला पर्वतावरच राहू द्यावे, असे लेखी कळवले. भारवाहकापुढे ‘हिमदरीत पडला, शोध अशक्य’ असा शेरा आहे.

पृथ्वीवर आठ हजार मीटरांहून उंच अशी चौदा शिखरे आहेत आणि त्यांच्याविषयी बोलताना आपण रणांगणाची भाषा वापरतो. शिखर सर होते, पर्वत जिंकला जातो, माथ्यावर निशाण रोवले जाते. विजयी सैन्याची ओझी कोणी वाहिली हे युद्धांच्या इतिहासात सहसा सापडत नाही. पर्वतांच्याही सापडत नाही. येथे जिच्याविषयी लिहायचे आहे ती त्या भारवाहकाची पत्नी. ती पर्वतावर कधी चढलेली नाही. तिचे काम वजन करण्याचे आहे.

पर्वताकडून येणारी पायवाट जेथे मोटारीच्या रस्त्याला मिळते तेथे एक तपासणी ठाणे आहे. पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत ठाणेप्रमुख बसतात आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर शिखर गाठणाऱ्यांच्या नावांचा फलक आहे. बाहेरच्या खोलीत लोखंडी वजनकाटा, एक बाक आणि शेगडी. नियम असा, की पर्वतावर गेलेल्या प्रत्येक आरोहकाने परतताना वरचा आठ किलो कचरा आणला पाहिजे. ऑक्सिजनची रिकामी सिलिंडरे, फाटके तंबू, डबे, दोर, काहीही. वजन भरले तर त्याने चढाईपूर्वी ठेवलेली अनामत परत मिळते, न भरले तर ती जप्त होते. पती गेल्यावर मोहीम कंपनीने शब्द टाकून तिला काट्यावर बसवले. माघारी सगळे तिला काटेवाली म्हणत, समोर ताई.

वजन भरावे म्हणून माणसे काय काय करतात हे तिने पुष्कळ पाहिले होते. शिखरावरून येणारा माणूसही अर्ध्या किलोसाठी पोते भिजवून आणतो.

“साहेब, पोत्यात दगड निघाले,” ती म्हणे.

“चुकून आले असतील, ताई.”

“तीन तीन? थोडा थोडा करत अख्खा डोंगरच खाली आणायचा बेत दिसतो तुमचा. मग पुढच्या वर्षी चढाल कशावर?”

वाटाडे बाकावर बसून हसत. “शिखर परवडलं,” एक जण म्हणे, “तिथं वर पोहोचलं की सुटका असते. ही बाई खाली उतरल्यावर चढायला लावते.”

यंदाच्या हंगामाच्या अखेरीस एक दंतवैद्य आला. शिखर गाठून आलेला, ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली, स्वभावाने भला. त्याने एक पोते काट्यावर ठेवले. ते आठ किलोंपेक्षा बरेच कमी भरले.

“थांबा, अजून एक आहे,” असे म्हणत त्याने बाहेरून एक पाठपिशवी आणून पोत्यावर ठेवली. काटा आठच्या पुढे गेला. ताईने वजन वाचले आणि मग पिशवीकडे पाहिले.

ती भारवाहकाची पिशवी होती, उन्हाने पांढरी पडलेली. उजव्या पट्ट्याखाली तांबड्या गोधडीचा एक जाड तुकडा शिवलेला होता, डाव्या पट्ट्याखाली काही नव्हते. तिच्या पतीच्या उजव्या खांद्याचे हाड पूर्वी मोडून वेडेवाकडे जुळले होते, म्हणून त्याने घरच्या गोधडीचा कोपरा कापून ती गादी केली होती. “डाव्या खांद्यावर गरिबी आणि उजव्यावर सावकारी,” असे म्हणून सोबती त्याची चेष्टा करत. दोन्ही पट्टे वरच्या बाजूला कापलेले होते. फाटलेले नव्हते, धारदार सुरीने, सरळ कापलेले होते.

“हे कुठं मिळालं?” तिने विचारले.

“वरच्या शेवटच्या तळाच्या थोडं पुढं. का? चालत नाही का हे?”

“चालतं. कुठं पडलं होतं?”

“पडलं नव्हतं,” दंतवैद्य म्हणाला. “म्हणजे, अंगावर होतं.”

“कुणाच्या?”

“तिथं एक जण आहे ना, जुना. खडकाला टेकून बसलेला. तुम्हाला माहीत असेलच. सगळे तिथंच थांबून सिलिंडर बदलतात, वारा जरा कमी लागतो म्हणून.” तिचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, “मी त्याला हात लावला नाही हो. नुसते पट्टे कापले. माझा कचरा कमी पडत होता.”

बाकावर बसलेले दोन वाटाडे उठून बाहेर गेले. ते का गेले हे तिला त्या क्षणी कळले नाही.

तिने पावती लिहिली. यात क्षमा नव्हती की धैर्यही नव्हते. वजन भरले होते आणि हाताला सवय होती. दंतवैद्य पावती घेऊन आतल्या खोलीत गेला आणि अनामत घेऊन बाहेर आला. मृत्यूनंतर नऊ वर्षांनी तिच्या पतीने आणखी एका आरोहकाचे ओझे वाहून दिले होते, आणि त्यावर सही तिची होती. या वस्तुस्थितीला आपल्या भाषेत नाव नाही. कदाचित ती आजवर कोणाला सांगावी लागली नसेल.

संध्याकाळी पिशवी घेऊन ती घरी गेली. घर दोन खोल्यांचे: एकीत ती, तिची मुलगी आणि सासू, दुसरीत धाकटा दीर. दीर पर्वतावर दोर बांधणाऱ्यांच्या तुकडीत आहे. आरोहक ज्या दोराला धरून चढतात तो आधी वर जाऊन बांधायचा, हे त्याचे काम. हंगाम संपवून तो कालच उतरला होता आणि उकडलेले बटाटे सोलत चुलीपाशी बसला होता. मुलगी शेजारी खेळायला गेली होती.

तिने पिशवी त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली.

“भावोजी, ही ओळखता?”

त्याने बटाटा ताटात ठेवला. “कुणी आणली?”

‘कुठून’ असे त्याने विचारले नाही. तिच्या ते लक्षात आले.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.”

“सगळ्यांनाच ठाऊक आहे, वहिनी.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“वर जाणाऱ्या सगळ्यांना. वाट त्याच्यापासून चार हातांवरून जाते.” तो खाली पाहत बोलत होता. “पहिल्या वर्षी मी भोवती दगड रचले. ते राहत नाहीत. दरवर्षी जाताना त्याची टोपी तेवढी नीट करतो. वाऱ्यानं सरकते.”

“हिमदरीत पडला म्हणाला होतात.”

“तसं कंपनीनं लिहिलं. दरीत गेला म्हटलं की शोध संपतो, कागद बंद होतो. मलाही वाटलं, तेच बरं. तिथं बसलाय म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही उभा जन्म वर बघत काढला असता.”

“आणि आईंना काय सांगितलंत?”

सासू भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“मला त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं,” ती म्हणाली. “तुला सांगू नको असं मीच म्हणाले. तू पोटुशी होतीस.”

“पोर आठ वर्षांची झाली, आई.”

“झाली. आणि तुला कळलं असतं तर तू ह्याला म्हणाली असतीस, जा, घेऊन या. हा गेलाही असता. थिजलेलं माणूस दुप्पट जड होतं म्हणतात. एक वर आहेच माझा, दुसऱ्याला त्याच्यामागं धाडू?”

नऊ वर्षे ज्या घरात ती सून म्हणून राबली, त्या घरात या एका गोष्टीपुरती ती परकी होती. तिला सर्वांत मोठा धक्का पतीच्या जागेचा बसला नाही. तो बसला या गोष्टीचा, की कोणीही दुष्टपणा केलेला नव्हता. कंपनीने कागद पुरा केला, आईने उरलेला मुलगा राखला, दिराने टोपी सारखी केली, वाटाड्यांनी तिच्यासमोर जीभ आवरली. प्रत्येकाने आपल्या वाट्याची माणुसकी पाळली होती आणि त्या सगळ्या माणुसकीची बेरीज होऊन एक माणूस उघड्यावर बसून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी काटा उघडण्याआधी ती आतल्या खोलीत गेली. ठाणेप्रमुख सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी तिला खुर्ची दिली.

“साहेब, शेवटच्या तळाच्या वरचा कचरा आणायला भारवाहकांना किलोमागं पैसे मिळतात ना?”

“मिळतात. वेगळा निधी आहे त्याला. दरवर्षी उरतोसुद्धा, कारण तेवढ्या वरून ओझं उतरवायला कुणी धजत नाही. का?”

“कचरा म्हणजे काय, ते नियमात कसं लिहिलंय?”

त्यांना ते पाठ होते. “माणसानं पर्वतावर नेलेली आणि तिथंच टाकून दिलेली कोणतीही वस्तू.”

“मग माझा नवरा त्यात धरा.”

ठाणेप्रमुखांनी हातातले पेन खाली ठेवले.

“त्यालाही माणसांनीच वर नेलं,” ती म्हणाली, “आणि तिथंच टाकून दिलं.”

“ताई, असं बोलू नका. माणूस आहे तो.”

“माणूस म्हणून नऊ वर्षं वर आहे. कचरा म्हणून आला तर मला चालेल. वजन मीच करीन.”

त्यांनी उठून दार लोटले. मग म्हणाले, “मला माहीत होतं. तुम्हाला काट्यावर बसवलं तेव्हापासून माहीत होतं. सांगायचं कसं, ते कळलं नाही.”

“कचऱ्याची पावती द्यायला शिकवलीत, तेव्हा सांगायचं.”

त्यांनी तिचा अर्ज लिहून घेतला आणि वरच्या कार्यालयाकडे पाठवला. आपल्या शिफारशीने पाठवला, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. महिन्याभराने उत्तर आले. मानवी देहास कचरा मानणे हा मृताचा अवमान ठरेल, सबब सदर निधीतून खर्च मंजूर करता येत नाही, असे त्यात आदराने म्हटले होते. देहासाठी निराळा निधी आहे काय, याविषयी उत्तरात काही नव्हते, कारण तसा निधी नाही. आरोहकांचे देह त्यांच्या विम्यातून किंवा त्यांच्या कुटुंबांच्या पैशांतून उतरवले जातात. भारवाहकाचा विमा मरणाची भरपाई देतो, उतरवण्याची देत नाही. प्रतिष्ठा बहाल करायला काही खर्च येत नाही. बहुधा म्हणूनच ती मृत भारवाहकाला इतक्या सहज मिळते.

उत्तर वाचून झाल्यावर दिराने मनातले सांगितले. तो पूर्वीसारखा खाली पाहत नव्हता.

“वहिनी, मी सहा जणांशी बोललोय. सगळे त्याच्याबरोबर काम केलेले. पुढच्या हंगामात दोर बांधायला जाऊ तेव्हा येताना घेऊन येतो. कुणी एक पैसा मागत नाही.”

“फुकट?”

“फुकट म्हणजे काय, आपलाच माणूस आहे.”

“आणि उतरवताना तुमच्यातला एक गेला तर त्याचा विमा मिळेल?”

दिराने नकारार्थी मान हलवली. कंपनीच्या कामावर असताना मेला तरच विमा मिळतो. हे काम कंपनीचे नसेल.

“मग त्याची बायको माझ्यासारखी काट्यावर बसेल,” ती म्हणाली. “दोघींना एक काटा पुरायचा नाही.”

लसूण सोलत बसलेल्या सासूने प्रथमच मान वर केली.

“वहिनी, तो किती वर्षं तसा राहणार?” दिराने विचारले.

“मला तो आजच्या आज खाली हवाय, भावोजी. झोप लागत नाही मला. डोळे मिटले की टोपी सरकलेली दिसते. पण तो तिथं हौसेनं गेला नव्हता, कामाला गेला होता. कामावर नेलेल्या माणसाला घरी पोचवणं हेही कामच आहे, आणि कामाची मजुरी असते. तुम्ही फुकट आणलंत तर कंपनीवाले म्हणतील, बघा, फुकट होतं की. पुढं जो कोणी मरेल त्यालाही त्याचे भाऊच फुकट आणतील, नाही तर तोही वरच बसून राहील.”

“आणि त्यांनी मजुरी दिलीच नाही तर?”

“मग दिली नाही, असं राहील. ते झाकायचं नाही.”

सासूने लसणाच्या साली ओंजळीत गोळा केल्या आणि चुलीत टाकल्या. “माझ्या मनातलं बोललीस,” ती म्हणाली, “पण माझ्या पोराच्या विरुद्ध बोललीस.” ती कोणत्या पोराविषयी म्हणाली हे दोघांनीही विचारले नाही.

ताईने तोच अर्ज मोहीम कंपनीला पाठवला, मग विमा कंपनीला, मग चढाईचे परवाने देणाऱ्या कार्यालयाला. ‘कचरा’ हा शब्द तिने काढून टाकला आणि ‘मजुरी’ हा शब्द घातला: सात माणसांची मजुरी, त्यांचा विमा, त्यांचा ऑक्सिजन. ती अजून काट्यावर बसते. पावती देण्यापूर्वी ती आता प्रत्येकाला विचारते, की ही वस्तू जमिनीवरून उचलली की अंगावरून काढली. अंगावरून काढलेली वस्तू ती वजनात धरत नाही. यावर हंगामात सर्वांत शेवटी उतरलेल्या दोन आरोहकांनी तक्रार केली आहे.

तिन्ही ठिकाणांहून अर्ज पोचल्याचे कळवण्यात आले आहे. या हंगामात पन्नासहून अधिक आरोहक त्याच्या शेजारी थांबून सिलिंडर बदलून शिखरावर गेले आणि फलकावर त्यांची नावे लागली. त्याला खाली आणण्याची मजुरी कोणीही दिलेली नाही.