बेशरमचा पाला

उन्हाळ्यात आमच्या बोकडाची मान हलायला लागली. चारा पुढे केला की थरथरायची, आणि मागचे पाय दारू प्यायल्यासारखे कुठल्या कुठे पडायचे.

आई-बाबा कोराडीला राहतात. प्रताप नगरहून मी भेटायला गेले, तर बाबा खुशीत. त्यांच्या आजारपणात आईनं देवीला बोकड कबूल केला होता. बाबा बरे झाले, पण बोकड काही जाईना. बाटलीनं दूध पाजून वाढवलेला, दरवेळी आईला नवं निमित्त सापडायचं. आमच्यात बळी देण्याआधी बोकडावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवीनं घेतला. हा तर पाण्याशिवायच थरथरत होता.

“देवी सोताच मागून राहिली वं,” बाबा म्हणाले. “आता काहून थांबायचं?”

आई पदरानं त्याचं तोंड पुसत होती.

मी भडकलेच. देवीबिवी काही नाही म्हटलं आणि बोकडाला ऑटोत कोंबून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, बाबांनाही सोबत घेतलं. डॉक्टरांनी त्याचं डोकं वर उचलून सोडलं, तसा तो धडपडून पडला.

“चरतो कुठं?”

नाल्याच्या काठी. तिथं भर उन्हाळ्यात काय असणार? वीज केंद्राच्या राखेनं माखलेली बेशरमची झुडपं, तेवढीच हिरवी.

“तेच विष. नसांवर जातं. चटक लागली की दुसऱ्या चाऱ्याला तोंड लावत नाहीत. बंद करा, सावरेल. खातच राहिला तर मरेल.”

बाबांचं तोंड उतरलं. “आजारी जनावर देवीले चालत नाही. बरा होऊ दे, मग नेऊ.”

चला, जीव तर वाचला! आईला बजावलं, दावणीला बांधून ठेव, नाल्यावर सोडू नको. पुढच्या खेपेला मान बरीच थांबली होती. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मला काही कळेना, दावं तर पक्कं होतं.

दुपारी मागच्या अंगणात गेले. आई पदराआडून बेशरमची डहाळी काढत होती, आणि बोकड अधाशासारखा तुटून पडला होता.

“अवं आई, मरन नं तो!”

“थोडासाच देतो वं. बरा झाला का नेतीन त्याले.”

डहाळी हिसकायला मी हात पुढे केला, तो तसाच राहिला. त्याची मान आईच्या मनगटावर आपटत होती.

घरातून बाबांनी विचारलं, “अवं, बोकड कसा आहे?”

“अजून हलूनच राहिला जी,” आई म्हणाली.