काशिनाथ भावोजींचा दम

फोन भाचीचा होता. "मामा, दादा गेले," वडिलांबद्दल एवढंच ती बोलू शकली... सकाळी शेतावर फेरी मारून आले, ओटीवर खांबाला टेकून बसले आणि चहा मागितला. कुसुमताई चहा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. काशिनाथ भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान, वैशाखरे गावचे शेतकरी आणि एके काळी मुरबाड तालुक्यात गाजलेले कबड्डीपटू. त्यांना जाऊन आता महिना उलटला. पण त्यांची आठवण निघाली की रडू येण्याआधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

ताईचं लग्न झालं तेव्हा भावोजींच्या चढाईला माणसं घाबरायची. पुढे खेळ सुटला आणि बिडी लागली. एक विझायच्या आत दुसरी पेटायची. संध्याकाळची बाटलीही हळूहळू रोजची झाली. कोणी काही बोललं तर म्हणायचे, "खेळाडूचं शरीर हाय, पचतंय सगळं." ते पचत नव्हतं हे कळायला शहापूरचा एक सामना व्हावा लागला. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. शहापूर आणि मुरबाडच्या जुन्या खेळाडूंचा सामना ठेवला होता. सगळे पोटं सुटलेले गडी, पण बघायला ही गर्दी! मी वाशिंदहून खास गेलो होतो. भावोजी मांडीवर थाप मारून उठले, मध्यरेषा ओलांडली, दोनतीनदा "कबड्डी, कबड्डी" म्हणाले आणि खोकल्याची अशी उबळ आली की तिथेच वाकले. दम तुटला. पंचांनी शिट्टी मारली. त्यांना कोणी हातही लावला नव्हता, तरी बाद! गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "काशिनाथराव, एक बिडी मारून या, मग खेळा!" सगळं मैदान हसलं. भावोजीही हसले, पण परतीच्या एसटीत माझ्या शेजारी खिडकीबाहेर बघत बसले. मुरबाड आल्यावर म्हणाले, "मोहन, पुढल्या टायमाला दम नाय तुटणार."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, बिडी एकदम बंद, दारू कमी. "कमी म्हंजे किती?" भावोजींनी विचारलं. "तुम्ही आता जितकी कमी समजता, त्याहून कमी," डॉक्टर म्हणाले. भावोजींना तो माणूस फार आवडला.

पुढचे दिवस मात्र घराने कसे काढले ते घरालाच ठाऊक. बिडी सुटली आणि भावोजींचा राग सुटला. भाजीत मीठ जास्त, बैल आळशी, कोंबडा अवेळी ओरडतो... अशातच एकदा ते दुपारी दिसेनात. ताई शोधत मागे गेली तर पेंढ्याच्या उडवीआडून धूर! ती ओरडली नाही. शेजारी जाऊन बसली आणि हात पुढे केला. "मलापन द्या एक."

"येडी झालीस का गो?"

"द्या ना. एवडं चोरून ओढता, तर काय गोडी हाय ती बगू दे मला."

तिने खरंच त्यांच्या हातातली बिडी ओढून घेतली, जोरात झुरका मारला आणि खोकून खोकून लाल झाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. भावोजी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते, घाबरले होते, आणि मग दोघंही पेंढ्यात बसून हसत सुटले. ताई सांगायची, ती विझवलेली बिडी शेवटची. नंतर त्यांनी कधीही ओढली नाही.

मग सुरू झाला सराव. पहाटे बांधावरून हा पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ "कबड्डी, कबड्डी" म्हणत धावायचा. आधी एका शेतापुरता दम पुरायचा, मग दोन शेतं, मग थेट ओढ्यापर्यंत. म्हशी बिथरायच्या. शेजारच्या म्हातारीने ताईला हळूच विचारलं होतं, "नवऱ्याला काय लागिर झालाय का?"

दारू त्यांनी पूर्ण सोडली नाही, खोटं कशाला सांगू. सणासुदीला एक ग्लास, तोही जेवताना. पण आमच्याकडची लग्नाची हळद म्हणजे मटण, दारू आणि आग्रहाचं माहेरघर. माझ्या मुलीच्या हळदीला वाशिंदला मी बघत होतो, भावोजी एका हातात भरलेला ग्लास आणि दुसऱ्या हातात मटणाची बालदी घेऊन पंगतीत फिरत होते. जेवणं उरकली तरी ग्लास तेवढाच. मी विचारलं तर डोळा मारून म्हणाले, "ग्लास भरलेला दिसला का कोन दुसरा देत नाय रे."

शहापूरचा सामना पुन्हा झाला तो दोन वर्षांनी. भावोजींची चढाई आली. मी श्वास रोखला, माझाच दम तुटायची वेळ. भावोजींचा आवाज मात्र घंटेसारखा चालला होता. समोरच्या दोघांनी पाय धरला, तिसरा अंगावर पडला, तरी हा माणूस "कबड्डी, कबड्डी" करत सरपटत राहिला आणि बोटाचं टोक मध्यरेषेला लागलं. तिघेही बाद! सामना आम्ही हरलो. पण धुळीने माखलेले भावोजी माझ्याकडे येत ओरडत होते, "हरलो रे, पन दम नाय तुटला!"

त्यानंतर बिडी सोडायची असलेली माणसं त्यांच्याकडे यायला लागली. भावोजी उपदेश करत नसत. ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "एकटा नको येऊस. बायकोला घेऊन ये." असे कितीतरी जण जोडीने येऊन ओटीवर बसले, ताईच्या हातचा चहा पिऊन गेले. सगळ्यांचं सुटलं असं नाही. पण दोघं एकमेकांशी बोलायला तरी लागायचे.

गेल्या आठवड्यात ताईने त्यांचे दोन सदरे मला दिले. धसईच्या शिंप्याकडून शिवून घेतलेले, पांढरे, आणि एकालाही खिसा नाही. बिडी सुटल्यावर त्यांनी खिसा शिवून घेणंच बंद केलं होतं, म्हणाली. काल त्यातला एक घालून मी बाजारात गेलो. सवयीने चष्मा छातीशी खिशात टाकायला गेलो आणि तो थेट जमिनीवर. दुकानदाराने उचलून दिला. "काका, सदऱ्याला खिसा नाय ठेवला?"

"नाय," मी म्हटलं, "थांब, सांगतो." आणि गिऱ्हाइकं खोळंबली तरी मी त्याला सगळं सांगत बसलो.