फिकट पोटाच्या अकरा अळ्या

टोमा रेम्ट्सला पिसवांची किळस येत नसे. लोकांना मात्र तिची यायची. लेअर गावात कुणी विचारलं, "काय करता?" की ती सरळ सांगे, "पिसवा मोजते." समोरच्याचा हात आपोआप मानेकडे जाई.

बावीस वर्षं तिचं हेच काम. दर उन्हाळ्यात आसपासचे पशुवैद्य मांजरांच्या अंगावरून गळलेली पिसवांची अंडी छोट्या नळ्यांतून टपालाने पाठवत. टोमा त्यातली शंभर अंडी वाळलेल्या रक्ताच्या भुकटीत टाके. भुकटीत पिसवांचं औषध ठरल्या मापाने कालवलेलं. अळ्या बाहेर आल्या, की ती खाऊन मरायला हव्यात. पाचाहून जास्त जगल्या, तर त्या भागातल्या पिसवा औषधाला जुमानेनाशा झाल्या, असं समजायचं. टोमाच्या हातून पाचाच्या वर आकडा कधी गेला नव्हता.

या जुलैत बोर्कुम बेटावरून आलेल्या अंड्यांतल्या अकरा अळ्या जगल्या.

प्रयोगशाळेतला तरुण डॉक्टर कॉर्बिनियन नाचायचाच बाकी होता. "अकरा, टोमाबाई! उद्याच सगळ्या पशुवैद्यांना कळवतो, बेटावर हे औषध थांबवा म्हणून."

"आधी तो चमचा ठेव. आमच्याकडे क्रीम सोडल्यावर चहा ढवळत नाहीत, तीन वर्षं सांगतेय."

"आमच्या बव्हेरियात ढवळतात."

"तुमच्या बव्हेरियात काय काय करतात, ते राहू दे. पत्र थांबव."

"का? तुमच्या मोजणीवर माझा पूर्ण विश्वास आहे."

"माझा नाही ना!"

चांगलं चाललेलं औषध उगाच बंद करायचं, की खरोखर निकामी झालेलं आणखी वापरू द्यायचं? दोन्हींत मांजरांचे हाल, आणि निर्णय टोमाच्या आकड्यावर. तिने अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. पिसवेची अळी काचेसारखी असते. रक्ताची भुकटी खाल्ली की पोटात काळी रेघ दिसते. या अकराजणींची पोटं फिकट. म्हणजे बयांनी भुकटीला तोंडच लावलं नव्हतं! मग जगल्या कशावर?

दीड दिवस तिला दुसरं काही सुचेना. शेवटी तिने बशीतला गाळ सुईने उकरला, आणि सापडली कुरतडलेली अंडी. वाऱ्यामुळे बेटावरची बोट दोन दिवस सुटली नव्हती. शिळी अंडी सगळी फुटत नाहीत, म्हणून टोमाने चाळीस जास्त टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणे येणार म्हटलं की पातेल्यात चार बटाटे जास्त टाकावेत, तशी तिची सवय. अळ्यांनी ती न फुटलेली अंडी फस्त केली होती, बिनऔषधाची.

तिने सगळं सांगितल्यावर कॉर्बिनियन पांढरा पडला. "म्हणजे बावीस वर्षांचे आकडे...?"

"जास्तीच्या अंड्यांनी अळ्या वाचतात, मरत नाहीत. तरी इतकी वर्षं पाचाच्या आतच जगल्या ना? पण तू तपास, खुशाल तपास."

मग तिने बोर्कुमच्या दवाखान्यातल्या, ती अंडी पाठवणाऱ्या ओक्काला फोन लावून पुन्हा अंडी मागितली.

"त्याच घरचं दुसरं मांजर आहे, औषध न लावलेलं," ओक्का म्हणाली. "पण टोमा, ते बोचकारतं गं!"

"हातमोजे घाल. आणि अंडी ताजी पाठव."

या वेळी मोजून शंभर. दोन दिवसांनी न फुटलेली अंडी तिने बारीक कुंचल्याने उचलून टाकली. अकराव्या दिवशी जिवंत होत्या दोन. दोघींच्या पोटात ठळक काळी रेघ.

"दोन म्हणजे काहीच नाही," कॉर्बिनियन सुस्कारला. पशुवैद्यांना लिहिलेलं पत्र त्याने फाडलं.

"काहीच नाही कसं? दोन आहेत. औषध खाऊन बसल्यात. पुढच्या उन्हाळ्यात बोर्कुमची अंडी दुप्पट मागव."

अहवालात त्याने लिहिलं: पहिली चाचणी तांत्रिक कारणाने रद्द. टोमाने वाचलं, त्याच्याच पेनाने 'तांत्रिक कारणाने' खोडलं आणि वर लिहिलं, 'टोमा रेम्ट्स यांनी चाळीस अंडी जास्त टाकल्याने.'

"एवढं लिहायलाच हवं का?"

"दुसऱ्या कुठल्या गावात माझ्यासारखीच एखादी बाई बसली असेल की," टोमा म्हणाली. "तिला कसं कळायचं?"