झऱ्यात शिजलेला भात

मी मास्तरीण व्हावं की घरी राहून कापूस वेचावा, हे ठरवण्यासाठी आमच्या घरच्यांनी राखीव जंगलातला एक गरम पाण्याचा झरा पंच नेमला होता. आज हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. मीही हसते. तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं.

मी लग्नाआधीच सातवीची फायनल पास झाले होते. गावोगाव नव्या शाळा निघत होत्या, शिकवायला बाया मिळत नव्हत्या, म्हणून यवतमाळहून ट्रेनिंगचा कागद मला घरी चालून आला. सोमवारी हजर व्हायचं होतं. आमच्या ह्यांची हरकत नव्हती. तशी त्यांची कशालाच हरकत नसे आणि त्याचा कुणाला उपयोगही नसे. सासरे वारलेले, त्यामुळे घरात शब्द चाले तो त्यांच्या मोठ्या भावाचा. हे थोरले मामाजी म्हणाले, "सून शाळेत गेली तर पऱ्हाटी कोन वेचन?" विषय संपला.

सासूबाईंना मला पाठवायचं होतं. पण जेठाच्या तोंडाला लागणार कशा? दोन दिवस जाऊ दिले आणि तिसऱ्या दिवशी मान खाली घालून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या झऱ्यालेच इचारलं तर? भात शिजला तर सून जाईन, नाही तर ऱ्हाईन घरी."

थोरले मामाजी तरुणपणी एकदा त्या झऱ्यावर गेले होते. तेव्हापासून तीस वर्षं ते सांगत आले होते की तिथे तांदळाची पोटली सोडली की एक बिडी ओढून होईस्तोवर भात शिजतो. लग्नात सांगत, तेरवीला सांगत, दिग्रसच्या बाजारात कापसाच्या बैलबंडीवर बसून सांगत. ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आता नाही म्हणावं तर स्वतःच्याच झऱ्यावर अविश्वास! तोंड कडू करून ते हो म्हणाले.

वैशाखातला शनिवार. बंडीत ते, सासूबाई आणि मी, हाकायला हे. जंगलाच्या नाक्यावर नाकेदाराने अडवलं.

"कायले आले?"

"भात शिजवाले," मामाजी म्हणाले.

"जंगलात चूल पेटवता येत नाही. वणवा लागते."

"चूल कोन पेटवते? झऱ्यात शिजवतो."

नाकेदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. लाकूड, मोह, डिंक, गवत, शिकार, सगळ्याचे नियम त्याला तोंडपाठ होते. भाताबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. "सांबरं पेतात तिथलं पानी," एवढं बोलून तो आमच्यासोबतच निघाला. नियम मोडतो की नाही ते तिथेच पाहू, असं त्याचं म्हणणं.

सागाची पानं झडलेली, सावली म्हणून कुठे नाही. झरा म्हणजे कमरेइतकं खोल एक डबकं. मी हात घातला आणि जिवाला बरं वाटलं. गरम झऱ्यात हात घालून गार वाटावं, असं ऊन आमच्याच जिल्ह्यात पडतं. तळातून मात्र बुडबुडे येत होते. "पाह्य, उकळून राह्यलं!" मामाजी ओरडले.

सासूबाईंनी पोटली सोडली. दोरी ह्यांच्या हातात. मामाजींनी बिडी काढली तशी नाकेदार म्हणाला, "बिडीबी नाही." आता आली का पंचाईत! वेळ मोजायचा कसा? शेवटी मामाजींनी न पेटवलेली बिडी तोंडात धरली आणि झुरके घेऊ लागले. राखसुद्धा झटकत होते. अशा तीन बिड्या त्यांनी ओढल्या, न पेटवता, आणि तिसरी दगडावर नीट विझवली.

पोटली उघडली. तांदूळ ओला झाला होता, एवढंच.

"माही इथं सात वर्सं झाली बावाजी," नाकेदार हसत म्हणाला, "इथं भात शिजलेला मी काही पाह्यला नाही."

"म्हणजे नाही शिजला," हे म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मत दिलं ते इथे! मला त्यांचा इतका राग आला की पदराआड मी दात खाल्ले. सोमवार गेला, यवतमाळ गेलं. डोळे भरून आले.

सासूबाई शांतपणे पोटली बांधायला लागल्या. "नाही तर नाही. सून ऱ्हाते घरी. गावाले सांगून देऊ, भाऊजी म्हनत होते तसा भात काही तिथं शिजत नाही."

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग झऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पोटलीत हात घातला, मूठभर तांदूळ तोंडात टाकला आणि चावू लागले. कर्र कर्र आवाज येत होता. कपाळाला घाम, पण चावणं थांबेना. शेवटी गिळला.

"शिजला," ते म्हणाले.

नाकेदाराने तोंड उघडलं, त्यात त्यांनी एक घास कोंबला. "खाऊन सांग."

त्याने बराच वेळ चावलं. "शिजला," तो म्हणाला. "जराशी कनी आहे." कणी म्हणजे भाताच्या पोटात उरलेला कच्चेपणा, इथे कणीखेरीज काहीच नव्हतं. मग ह्यांनी खाल्ला, सासूबाईंनी खाल्ला. मी दोन मुठी खाल्ल्या. कच्चा तांदूळ तोंडात आणि डोळ्यांतून पाणी, अशी मी तिथे उभी होते.

सोमवारी थोरले मामाजीच मला मोटारीवर बसवायला दिग्रसला आले. स्टँडवर ओळखीच्या तिघांना त्यांनी भाताची गोष्ट सांगितली. मोटार सुरू झाली तसे ते खिडकीशी आले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "पोरी, आमच्या वक्ताले खरंच शिजत होता व."

लग्नाला चार वर्षं झाली होती, पण मी त्यांच्याशी कधी थेट बोलले नव्हते. तशी रीतच नव्हती. मी डोक्यावरचा पदर जरा मागे सारला.

"आताही शिजला, मामाजी," मी म्हणाले. "मी खाल्ला ना."