सरकलेला लाल

विद्यार्थी तिला पाठीमागे भिंगबाई म्हणत, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. साबणाचं वेष्टन दिसो की बिस्किटांचा डबा, आधी पर्समधून भिंग बाहेर यायचं, मग यजमानांची विचारपूस. थोरामोठ्यांची चित्रं सोडून ही जाहिरातींचा इतिहास कसला लिहिते, म्हणून सहकाऱ्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. तिच्या पुस्तकाने सगळ्यांची बोलती बंद केली.

त्यातलं चौथं प्रकरण म्हणजे तिच्या गळ्यातला ताईत. जुन्या पोस्टरांवर लाल रंग रेषेबाहेर जरासा सरकलेला असे. ही चूक नव्हे, चित्रकारांनी मुद्दाम साधलेली गंमत आहे, असं तिने ठासून मांडलं होतं. पुरावा घरचाच. वडील छापखान्यात मशीनवर होते. ते घरी आणत ते पोस्टरांचे छापील ताव आई फडताळात अंथरायची. डाळींचे डबे उचलून खालची चित्रं बघण्यात तिच्या कितीतरी दुपारी गेल्या. तसं सुख पुढे कुठल्याही संग्रहालयात मिळालं नाही.

दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जायची होती. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. एखादी जुनी आठवण प्रस्तावनेत घालावी म्हणून ती ते जुने ताव घेऊन वडिलांच्या मशीनवरच्या जोडीदाराकडे, काकांकडे गेली. ताव बघून काका हसतच सुटले.

“अगं, ही तर रद्दी! लाल सरकला की ताव बाद. बाद झालेलेच आम्हाला घरी न्यायला मिळायचे. चांगले भिंतींवर लागले आणि उन्हापावसात गेले.”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. “बाबांना माहीत होतं? मग बोलले का नाहीत?”

“बोलणारच होता. पुस्तक घेऊन आला होता माझ्याकडे. मग म्हणाला, ‘या तावांपायी जन्मभर साहेबांची बोलणी खाल्ली. पोरीने चांगलं म्हटलंय, तर राहू दे.’”

घरी येऊन ती पोटभर रडली. काका कुणाला सांगणार नव्हते. प्रकरण तसंच ठेवलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. तरी मनावर दगड ठेवून तिने पानंच्या पानं खोडली. चित्रं मात्र एकही काढलं नाही. प्रत्येकाखालचं ‘चित्रकार अज्ञात, हेतुपुरस्सर रचना’ तिने पुसलं आणि लिहिलं: ‘बाद ताव. छपाई: माझे वडील.’