प्लाझ्मा बंद, लाट चालू

मुलुंडच्या आमच्या सोसायटीने माझा सत्कार करायचं ठरवलं, त्याला खास कारण नव्हतं. आदल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांचा झाला होता, त्याआधी दुसऱ्यावरच्या मुख्याध्यापिकांचा. मी चौथ्यावर राहतो.

सेक्रेटरींचा फोन आला. "सर, तुमचं सायटेशन पाठवा ना पटकन. फ्रेमवाला थांबलाय."

आमच्या धंद्यात सायटेशन म्हणजे आपल्या शोधनिबंधाचा हवाला कोणी कोणी दिला त्याची यादी. बढत्या तिच्यावर ठरतात, माणसंही तिच्यावर तोलली जातात. मी यादी पाठवली. तासाभराने पुन्हा फोन.

"सर, मला मानपत्र पाहिजे होतं हो! ही तर लोकांची नावं आहेत." मग आवाज खाली आला. "पण वाचली मी. एका पेपरसाठी अर्ध्या जगाने तुमचं नाव घेतलंय. मानलं! मानपत्र आता मीच लिहितो."

इथेच मी तोंड उघडायला हवं होतं. नाव कोणी घेतलं हे यादी सांगते, कशासाठी घेतलं ते सांगत नाही. गावात ज्याचं नाव रोज निघतं तो सज्जनच असतो असं थोडंच आहे?

तो पेपर प्लाझ्मावरचा. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला नव्हे. ट्यूबलाइटमध्ये चमकतो तो, विजेने पेटवलेला वायू. आयुष्यभर मी तो एका स्टीलच्या पिंपात पेटवला आणि त्यात सुई घालून मोजला. एकदा मोजणीत एक बारीक, नियमित लाट दिसली. पुस्तकात तशी लाट नव्हती. मी निबंध लिहिला, परदेशांत भाषणं दिली, आणि त्या लाटेवर प्रोफेसर झालो.

मग पीएचडीसाठी भांडुपची एक मुलगी आली. आजोबा गिरणीत, वडील बेस्टमध्ये. पहिल्याच आठवड्यात मी तिला वहीचा नियम शिकवला: चूक खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तारीख टाकायची. तिने मान डोलावली. दुसऱ्या वर्षी एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, प्लाझ्मा बंद केला तरी लाट येतेय."

लाट शेजारच्या खोलीतल्या एसीची होती. एसी फक्त संचालकांच्या खोलीत होता, त्यामुळे तो बंद करून बघायचं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. तिने संचालक रजेवर असताना बघितलं होतं.

मी म्हणालो, पुन्हा मोज. असं मी वर्षभर म्हणत राहिलो. ती पुन्हा मोजत राहिली. शेवटी तिने तिच्या एकटीच्या नावावर निबंध छापला. तेव्हापासून जगभर प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना सांगतात: आधी प्लाझ्मा बंद करून मोजा, नाहीतर तुमचं त्यांच्यासारखं होईल. त्यांच्या म्हणजे माझ्या. विद्वत्तेचा प्रभाव म्हणतात तो हाच. मी कुठेही, कधीही, एका ओळीनेही ते कबूल केलं नव्हतं.

सत्काराच्या संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर पहिल्या रांगेत ती बसलेली. आता ती चेंबूरच्या एका कॉलेजात शिकवते.

"सरप्राइज!" सेक्रेटरी म्हणाले. "यादीत सगळ्यात जास्त वेळा तुमचं नाव यांनीच घेतलंय. म्हटलं, प्रमुख पाहुण्या ह्याच. मानपत्रही ह्याच वाचणार."

तिच्या हातात फ्रेम होती. "सर, यात लाट आहे," ती हळूच म्हणाली. "जसंच्या तसं वाचू?"

"तुला योग्य वाटेल तसं वाच."

"मी का ठरवू? मानपत्र तुमचं आहे."

ती वाचायला लागली. 'ज्ञानसूर्य' झालं, 'मुलुंडभूषण' झालं. "ज्यांनी प्लाझ्मातील अज्ञात लाट शोधून..." इथे ती थांबली आणि पाणी प्यायली. लोकांना वाटलं, भरून आलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. तशीच, त्या दुपारी टेबलाशी उभी होती तशी.

मी उठून माइक घेतला. "ती लाट प्लाझ्माची नव्हती, एसीची होती. हे हिने शोधलं. मी वर्षभर हिचं ऐकलं नाही आणि आजपर्यंत हे कुठे सांगितलंही नाही."

मग टाळ्यांचा कडकडाट. "काय साधेपणा रे!" मागून कोणीतरी म्हणालं. सेक्रेटरींनी डोळे पुसले आणि मला शाल पांघरली. मुलुंडमध्ये खरं बोलणं इतकं अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं.

टाळ्या वाजवत नव्हती ती एकटीच. नारळ देताना माझ्या कानाशी म्हणाली, "साधेपणा म्हणे! सर, त्या वर्षी घरी रोज विचारायचे, तुझं अडलंय कुठे? मी काय सांगणार, एसीत?"

दुसऱ्या दिवशी मी मानपत्र घेऊन फ्रेमवाल्याकडे गेलो आणि काच काढायला लावली. लाटेच्या ओळीवर पेनाने एक रेघ मारली, खाली खरी गोष्ट आणि तिचं नाव लिहिलं.

"काका, खाडाखोड दिसेल हां," तो म्हणाला.

"दिसू दे."

त्याने काच पुन्हा बसवली. मी फोटो काढून तिला पाठवला. घरी पोचेपर्यंत उत्तर आलं होतं.

"तारीख राहिली, सर."

मी तसाच मागे वळलो.