घोडा झाकलेला हवा

इराकी फौजा शहरात शिरल्यानंतरच्या त्या दिवसांत सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी तीन पुरुष जमत आणि जवळ बाळगायला आदर्श रिव्हॉल्वर कोणतं यावर वाद घालत. एक माझे यजमान, हॉस्पिटलात एक्स-रे यंत्रं दुरुस्त करणारे. दुसरे वरच्या मजल्यावरचे, पुण्याचे दातांचे डॉक्टर. तिसरा मालवणकडचा एसी मेकॅनिक. तो राहायचा त्या अब्बासियाच्या बस बंद पडल्यापासून तो आमच्या हॉलमध्येच मुक्कामाला होता. भारतीय फौजेत त्यानं शस्त्रं दुरुस्त केली होती, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. बाकी दोघांनी टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही हातात धरलेलं नाही, असा माझा समज होता.

मी ऑपरेशन थिएटरची इनचार्ज नर्स. कानावर पडेल त्याची यादी करायची सवय. डाळतांदळाच्या यादीमागे हीही झाली: वजन कमी. नळी आखूड. पाच गोळ्या पुरेत.

"पाचच?" डॉक्टर म्हणाले. "त्यापेक्षा दहा गोळ्यांचं पिस्तूल घ्या की."

"घाबरलेल्या माणसाक पिस्तुलाचो भरवसो नाय," मेकॅनिक म्हणाला. "गोळी अडाकली की संपला. रिव्हॉल्वराचो चाप परत ओढलो की फुडची गोळी येता. आणि वयनी, लिवा, मागचो घोडो झाकलेलो होयो. नायतर खिशात अडाकता."

"घोडा कशाला? गाडीत पेट्रोल आहे अजून!" मी म्हटलं.

सगळे हसलो. हसता हसता यजमान म्हणाले, "मूठ मात्र जरा मोठी हवी. करंगळी बाहेर राहते."

मी लिहायची थांबले. करंगळी बाहेर राहते हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. परदेशी गेलेल्या घरमालकाच्या फ्लॅटची किल्ली यांच्याकडेच होती; हत्यार आलं असेल तर तिथूनच. आणि रोज सकाळी आम्ही दोघं एकाच गाडीतून इराकी सैनिकांचे दोन नाके ओलांडून हॉस्पिटलात जात होतो. नाक्यावर कुणाजवळ हत्यार सापडलं की त्याचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

भांडून उपयोग नव्हता. सकाळी निघताना मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"सिव्हिल आयडी?"

"आहे."

"हॉस्पिटलचा पास?"

"आहे. अगं, हे काय चाललंय?"

"मोजणी. रुमाल?"

"आहे."

"आणखी काय आहे?"

आमच्या थिएटरात पोट शिवायच्या आधी प्रत्येक चिमटा, प्रत्येक बोळा मोजतात. आकडा जुळेपर्यंत कितीही मोठा सर्जन असो, टाका घालत नाही. यांना ते ठाऊक होतं. माझ्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं.

"मोजणी जुळल्याशिवाय दार उघडणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी शर्ट वर केला आणि कमरेला खोचलेलं रिव्हॉल्वर काढून चपलांच्या स्टँडवर ठेवलं.

"परवा नाक्यावर त्या सैनिकानं तुझा हात धरला," ते खाली बघत म्हणाले. "आणि मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो."

तो हात मी तिथंच सोडवून घेतला होता, आणि थिएटरात पोचेपर्यंत विसरलेही होते. हे मात्र तो दोन दिवस मनात घेऊन हिंडत होते.

"तुम्ही बसून राहिलात म्हणून आपण दोघं घरी आलो," मी म्हटलं. "अहो, मला एकटीला घरी यायचं नाहीये."

मेकॅनिक अंथरुणावर उठून बसला होता. त्यानं ते उचललं, गोळ्या काढल्या, हातात तोलून पाहिलं.

"मी सांगी होतंय ताच ह्या, वयनी. घोडोसुद्धा झाकलेलो!" मग जरा हळू आवाजात म्हणाला, "तुमी जावा. मी ह्याचे तुकडे करून येगयेगळे टाकतंय. कोणाक गावाचे नाय."

दुसऱ्या नाक्यावर सैनिकानं यजमानांना खाली उतरवलं. खिसे, कंबर, पायमोजे, सगळं चाचपलं. मी समोरच्या काचेतून बघत होते. मग त्यानं हातानंच जा म्हणून खूण केली.

ते गाडीत येऊन बसले. पुढं हॉस्पिटलपर्यंत त्यांचा उजवा हात माझ्या हातावर होता. गिअर बदलायचा झाला की तेवढा जायचा, आणि बदलून झाला की परत यायचा.